गाडी फुल चार्ज करूनच पाठवा!

मागच्या आठवड्यात मी एका उभ्या इलेक्ट्रिक मोटारीत सात तास बसून काढले. काचा खाली, हीटर फुल, हेडलाइट चालू, दोन्ही सीट गरम करायची बटणं दाबलेली. बाहेर ऊन, आत मी. समोरच्या स्क्रीनवर ८२चे ८१ कधी होतात ते बघत घाम पुसत होतो. गाडी विमानाने जायची होती आणि मालकांनी ती प्रेमाने चार्ज करून पाठवली होती.

असं प्रेम आम्हा कार्गोवाल्यांना वरचेवर मिळावं, म्हणून तुमच्यासाठी या चार सूचना. तुमचीही गाडी कधीतरी विमानाने जाणारच आहे.

बुकिंग शुक्रवारी संध्याकाळीच करा.

माल काय आहे ते लगेच सांगून टाकू नका, त्यात मजा नाही. ‘ऑटोमोबाइल सॅम्पल’ लिहा. ‘मशिनरी’ तर सदाबहार. आम्ही फोन करून विचारलं, "साहेब, यात बॅटरी आहे का?" की म्हणा, "बॅटरी असेलच ना, गाडी आहे ती." मग आम्ही विचारू, "कुठली?" त्यावर म्हणा, "मोठी."

बॅटरीच्या चाचणीचा सारांश मागितला की एमएसडीएस पाठवा, म्हणजे मालात कुठली रसायनं आहेत ते सांगणारा कागद. आम्ही पुन्हा सारांश मागू, तुम्ही पुन्हा एमएसडीएस पाठवा. तिसऱ्यांदा मागितला तर गाडीचं रंगीत माहितीपत्रक. ही चाचणी म्हणजे यूएन ३८.३ म्हणून एक प्रकार असतो. त्यात बॅटरीला विमानाच्या उंचीवरच्या कमी दाबात ठेवतात, तापवतात, गारठवतात, थरथरवतात, दणके देतात, मुद्दाम शॉर्ट करतात. एवढ्यातून ती सुखरूप बाहेर आली की मगच ती विमानात चढायच्या लायकीची. या सगळ्याचा पान-दोन पानांचा सारांश बॅटरी बनवणाऱ्याने उपलब्ध ठेवायचा असतो, २०२०पासून. पण बनवणाऱ्याला एक मेल टाकायची म्हणजे केवढा त्रास! त्यापेक्षा आम्हाला सहा पाठवा.

डिक्लेरेशन, म्हणजे धोकादायक माल जाहीर करायचा फॉर्म, नवीन भरू नका, जुनंच कॉपी-पेस्ट करा. धोकादायक मालाच्या यादीतला लिथियम-आयनवरच्या गाड्यांचा नंबर २०२५मध्ये बदलून ३५५६ झाला, पण ३१७१ची सवय झालीय ना हाताला? राहू द्या. चुकलं तर पांढरी शाई फासा आणि वर सही मात्र करू नका. दोन्ही कडांना त्या तिरक्या लाल पट्ट्या असतात, त्यांचं काय एवढं, काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर काढा.

गाडीला आधी खालून ठोकर बसली असेल, तर त्याबद्दल अवाक्षर काढू नका.

आता मुख्य मुद्दा, चार्जिंग. नियम असा आहे की १ जानेवारी २०२६पासून १०० वॉट-अवरपेक्षा मोठी लिथियम-आयन बॅटरी असलेली गाडी विमानात द्यायची, तर बॅटरी तिच्या क्षमतेच्या ३० टक्क्यांहून जास्त भरलेली नको, किंवा स्क्रीनवरचा आकडा २५च्या वर नको. १०० वॉट-अवर म्हणजे थोराड लॅपटॉपची बॅटरी. तुमच्या मोटारीत तसले सहाशे लॅपटॉप आहेत. आधीचं वर्षभर ही नुसती शिफारस होती, म्हणजे तयारीला वेळ नव्हता असंही नाही. कारण साधं आहे. एखादा सेल बिघडला की तापतो, शेजारच्याला तापवतो, तो त्याच्या शेजारच्याला. भरलेला सेल जोरात पेटतो, निम्म्याहून रिकामा असला तर हा प्रकार तिथल्या तिथे थांबायची शक्यता जास्त. एवढंच. हे आम्ही मेलवर लिहिलं, फोनवर सांगितलं, बुकिंगच्या कागदावर जाड अक्षरात छापलं. आणि मालकसाहेब, तुमची गाडी आली ती ८२ टक्क्यांवर! "पार्टीला गाडी रिकामी द्यायची म्हणजे बरं दिसत नाही." अहो, पार्टी दुसऱ्या देशात बसलीय, आणि तिच्या दारात प्लग आहे!

शिवाय ही काही टाकी नाही नळी लावून रिकामी करायला. गाडी रस्त्यावर पळवायची नाही, कारण किलोमीटर वाढतात आणि तुम्हाला ती ‘झीरो’ द्यायची असते. मग उरतो हीटर. ६० युनिटची बॅटरी, तासाला जेमतेम आठ टक्के. काचा वर केल्या तर आत गरम झालं म्हणून गाडी शहाणपणा करून हीटर कमी करते, म्हणून काचा खाली. ३४ युनिट वीज मी अशी हवेत सोडली. मधे तुमचा फोन, "सीट खराब नाही ना होणार?" रात्री साडेनऊला २५ दिसले तेव्हा मी त्या स्क्रीनचा फोटो काढला, लोक बाळाचा काढतात तसा.

आणि सकाळी तुमचा ड्रायव्हर आला. गाडी धुऊन आणतो म्हणाला. धुऊन आणली. चकाचक. ६१ टक्के. "रात्रभर उभी होती, उतरली असेल म्हणून थोडी लावली."

यावर काय सूचना देऊ? सुचत नाहीये.

हां, एक राहिली. बॅटरी काढून वेगळी पाठवू का, हे जरूर विचारा. सुटी लिथियम-आयन बॅटरी प्रवासी विमानातून मालाच्या रूपात जाणं २०१६पासूनच बंद आहे. मालवाहू विमानातही एका नगाला ३५ किलोची मर्यादा, त्यापुढे सरकारी मंजुरी. तुमची बॅटरी साडेतीनशे किलोची. काढा, काढा.

एअरलाइनने गाडी परत केल्यावर तुम्ही फोनवर जे म्हणालात, ते मात्र मला सूचनांमध्ये घालता येत नाही. तुम्ही म्हणालात, "पार्ट्स म्हणून लिहा ना. कोण उघडून बघतंय?"

कोण बघतंय? कोणीच नाही, अगदी बरोबर. पायलटसुद्धा बघत नाही. त्याच्या हातात निघण्याआधी एक कागद पडतो, कुठल्या जागी कुठला धोकादायक माल आहे त्याचा. तुम्ही-आम्ही जे लिहिलं तेच त्यावर उतरतं. त्याला तेवढंच कळतं.

३ सप्टेंबर २०१०, दुबई. यूपीएस या कुरिअर कंपनीचं ७४७ मालवाहू विमान उडाल्यावर वीस-बावीस मिनिटांत आगीची घंटा वाजली. मुख्य डेकवर, म्हणजे माल ठेवायच्या वरच्या मजल्यावर, आग विझवायची यंत्रणा नव्हती. हवा तोडून आग दाबायची, हाच तिथला उपाय, आणि पेटलेली लिथियम बॅटरी स्वतःचा ऑक्सिजन स्वतः काढते. कॉकपिटमध्ये इतका धूर भरला की समोरची उपकरणं दिसेनात. दोघं वैमानिक गेले. तपासात निघालं की मालात लिथियम बॅटऱ्या होत्या, आणि त्यातली निदान तीन शिपमेंट अशी होती की ती धोकादायक म्हणून जाहीर व्हायला हवी होती आणि झाली नव्हती. तिथेही कोणी उघडून बघितलं नव्हतं.

तेव्हा मला ‘दुसरा एजंट करून देतो’ हे ऐकवू नका. जा त्याच्याकडे. आणि तो ‘पार्ट्स’ लिहून देत असेल, तर त्याच विमानात तुम्हीही बसा. लाज वाटायला हवी. शिकलेली माणसं आहात, कोटींचा व्यवहार करता आणि एक प्लग काढून ठेवता येत नाही?

गाडी आवारात उभी आहे, ६१ टक्क्यांवर. किल्ली काउंटरवर ठेवलीय. या वेळी हीटर लावून तुम्ही बसा.