धावता माणूस सोडावा कसा

अमेरिकी फुटबॉल संघाचा जनरल मॅनेजर व्हायचा योग तुमच्या पत्रिकेत असेल, तर मार्च महिना सांभाळा. करार संपलेले खेळाडू तेव्हाच फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही संघात जायला मोकळे, होतात. कोणाला राखायचं आणि कोणाला नारळ द्यायचा, हे तुम्ही ठरवायचं. घाबरू नका, न्यूयॉर्क जायंट्सनी वाट मळून ठेवली आहे.

आधी तिजोरी एकाच माणसापुढे उघडा. मार्च २०२३ मध्ये जायंट्सनी क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा) डॅनियल जोन्सला चार वर्षांचे १६ कोटी डॉलर कबूल केले. त्याच दिवशी रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) सेक्वॉन बार्कलीच्या गळ्यात फ्रँचाइझ टॅग अडकवला. वर्षाचे एक कोटी घे, पुढचं पुढे बघू! (टॅग म्हणजे आम्ही होकार देणार नाही, पण मुलगी दुसरीकडे दाखवायचीही नाही.)

पुढच्या मार्चपर्यंत बार्कलीने सत्ताविशी गाठली. या वयात रनिंग बॅक म्हातारा होतो, असं एक शास्त्र आहे. ते छापून टेबलाच्या काचेखाली सरकवा आणि त्याला बाजारात भाव काढायला पाठवा. एकट्याला नको, सोबत बचावफळीतला सेफ्टी झेवियर मॅकिनीही जाऊ दे. (त्याने ग्रीन बेच्या संघात जाऊन आठ इंटरसेप्शन केले, म्हणजे समोरच्यांचे पास मधेच पळवले.)

हा कारभार चारचौघांत करावा. एचबीओ वाहिनीसाठी कॅमेरे थेट ऑफिसात घ्या. सेक्वॉन फिलाडेल्फियाला गेला तर आपल्याला झोप लागायची नाही, असं मालक जॉन मारा सांगत असतील, तेव्हा कॅमेरा चालू आहे ना, तेवढं बघा.

तो फिलाडेल्फियालाच गेला, ईगल्स संघात. तीन वर्षांचे पावणेचार कोटी, म्हणजे जोन्सच्या रकमेचा पाव हिस्सासुद्धा नाही.

ऑक्टोबरात जुन्या मैदानावर येऊन त्याने १७६ यार्ड धाव घेतली, ईगल्स २८-३ ने जिंकले. नोव्हेंबरात जॅक्सनव्हिलविरुद्ध तर गिरकी घेऊन एकाला चकवलं, आणि दुसरा पायाशी येतोय म्हटल्यावर त्याच्याकडे पाठ असतानाच उडी मारून त्याच्या अंगावरून पलीकडे उतरला. पाठमोरा! मी रिमोट दाबून दाबून ते पाहिलं. म्हातारपण, दुसरं काय.

त्याच महिन्यात जायंट्सनी जोन्सला मोकळं केलं. हंगामाअखेर सतरापैकी तीन विजय. बार्कलीचे २००५ यार्ड, आणि ९ फेब्रुवारी २०२५ ला, अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, सुपर बोलचं अजिंक्यपद.

तरी साखळीतल्या शेवटच्या सामन्याला देव पावतोच. ५ जानेवारीला ईगल्सपुढे जायंट्सच होते. एका हंगामात सर्वाधिक यार्ड धावण्याचा एरिक डिकरसनचा १९८४ चा विक्रम मोडायला बार्कलीला १०१ यार्ड हवे होते. ईगल्सनी त्याला विश्रांती दिली. अहवालाच्या पहिल्याच ओळीत ठळक लिहा की, आज बार्कलीला आपण एक यार्डही धावू दिलं नाही. त्यांच्या राखीव पोरांनी आपल्याला २०-१३ ने हरवलं, ते तळटीपेत टाका.