खाली उतरताना मी उत्तम चालतो

बोलिव्हियाच्या राज्यघटनेत राजधानी म्हणून सुक्रे या शहराचे नाव आहे. तरीही सरकार, संसद, वकिलाती आणि पाठीवर बोचकी लादलेले आमच्यासारखे भटके हे सगळे सापडतात ते ला पाझमध्ये. १८९९ सालच्या यादवी युद्धानंतर सत्तेचे आसन सुक्रेहून ला पाझला हलले आणि सुक्रेच्या वाट्याला सर्वोच्च न्यायालय तेवढे उरले. सुक्रे समुद्रसपाटीपासून साधारण २८०० मीटरवर आहे, तर ला पाझ ३६०० मीटरच्या वर. श्वास घेता येईल अशी राजधानी हाताशी असताना ती सोडून, तीही लढाई करून, राज्यकारभार आणखी आठशे मीटर वर नेणाऱ्या त्या पुढाऱ्यांविषयी आदर बाळगावा की त्यांची कीव करावी, याचा विचार मी एका चढावर विजेच्या खांबाला धरून बराच वेळ करीत होतो. निर्णय काही झाला नाही; पण तेवढ्या वेळात धाप बसली, आणि या शहरात तेवढेही पुष्कळ असते.

विमानतळ तर शहराच्याही डोक्यावर, एल आल्तो या शेजारच्या नगरीत आहे; त्याची उंची ४०६१ मीटर. सह्याद्रीतले गडकिल्ले पालथे घातलेल्या माणसाला आपल्या छातीविषयी थोडा अभिमान असतो, आणि तो मी पुण्याहून निघताना सामानाबरोबर नीट बांधून घेतला होता. मात्र कळसूबाई १६४६ मीटरची आहे. तिच्यावर दुसरी कळसूबाई ठेवून वर आणखी जवळजवळ अर्धी रचली, की या विमानतळाची धावपट्टी लागते. पिशवी उघडली तर आईने दिलेल्या चिवड्याचे बंद पाकीट बाहेरच्या विरळ हवेमुळे फुगून टम्म झाले होते, आणि टूथपेस्टचे झाकण काढताच आतला ऐवज, मी दाबण्याची वाट न पाहता, शर्टावर आला. अभिमान तेवढा कुठे दिसेना.

हवेतले प्राणवायूचे प्रमाण इथेही आपल्याकडच्याइतकेच, म्हणजे एकवीस टक्के असते. कमी असतो तो हवेचा दाब, त्यामुळे पूर्ण श्वास घेतला तरी पदरात दोन तृतीयांशच पडतो. मग शरीर आपले उपाय सुरू करते. श्वास भराभर चालू होतो, नाडी धावते आणि मूत्रपिंडे रात्रपाळीला बसतात. शेवटच्या उपायाचा तपशील पुस्तकात एका ओळीत असतो. पण ज्याला वसतिगृहाच्या सामायिक खोलीत वरची खाट मिळाली आहे आणि ज्याचे शौचगृह खालच्या मजल्यावर आहे, त्याच्यासाठी ती ओळ रात्रभर पुरते. शिडीवरून उतरणे, जिना उतरणे, जिना चढणे, पायरीवर बसणे, शिडी चढणे, आणि श्वास ताळ्यावर येईपर्यंत पुन्हा निकड भासणे, असा तो क्रम असे. या त्रासाला तिथे सोरोचे म्हणतात आणि त्यावर एक पिढीजात सल्ला देतात: थोडके खावे, हळू चालावे आणि एकट्याने निजावे. यातले तिसरे पथ्य माझ्याकडून आपोआप पाळले गेले. माझ्या शेजारची खाट इतक्या येरझाऱ्यांनंतर रिकामीच राहू लागली.

वसतिगृह सागार्नागा रस्त्यावर होते. सान फ्रान्सिस्कोच्या चर्चसमोरच्या चौकातून निघणारा हा रस्ता सरळ वर जातो, आणि नकाशात मात्र तो इतर रस्त्यांसारखाच सपाट, निरुपद्रवी आणि जेमतेम बोटभर लांब दिसतो. नकाशे काढणाऱ्यांनी ला पाझपुरते तरी अंतर मीटरऐवजी थांब्यांत दाखवावे, असे माझे मत आहे. माझे थांबे ठरलेले असत: लोकरीच्या टोप्यांचे दुकान, मग सहलींच्या जाहिरातींचा फलक, मग चामड्याच्या पट्ट्यांचे दुकान. टोप्यांच्या दुकानातल्या बाईंना पहिल्यांदा वाटले की मला टोपी हवी आहे. पुढे मला केवळ उभे राहायचे आहे हे त्यांच्या ध्यानात आले, आणि त्या मी दिसताच बाहेरचे स्टूल माझ्याकडे सरकवू लागल्या. मी त्या स्टुलावर बसलो असताना डोक्यावर लहानशी बोलर हॅट, अंगावर घेरदार घागरा आणि पाठीवरच्या रंगीत कापडात निदान अर्धे पोते बटाटे अशा वयाने माझ्या आजीच्या जवळपास असलेल्या बाई मोबाइलवर कुणाला तरी झापत माझ्यासमोरून चढून गेल्या. झापताना त्यांचा एक शब्दही तुटत नव्हता.

सोरोचेमध्ये डोके जड होते आणि विचार गोंधळतात, असे मी वाचले होते; तेव्हा आपल्याला दिसते ते खरोखर आहे की नाही, यावर नजर ठेवण्याचे मी ठरवले. हा बेत ला पाझने पहिल्याच फेरीत उधळून लावला. लिनारेस रस्त्यावर, चेटकिणींच्या बाजारात, दुकानांच्या दारांवर लामा या लोकरीच्या जनावराची वाळलेली भ्रूणे ओळीने टांगलेली दिसली. घर बांधताना पाचामामेला, म्हणजे भूमातेला, ती पायात पुरून अर्पण करण्याची रीत आहे. तिथून खाली हमरस्त्यावर आलो, तर चौकात एक झेब्रा दोन पायांवर उभा राहून वाहने अडवीत होता. शहराच्या नगरपालिकेने २००१ पासून झेब्र्याच्या वेषातली तरुण मुले-मुली वाहतुकीची शिस्त शिकवायला रस्त्यावर उतरवली आहेत, हे मला नंतर कळले; त्या क्षणी मात्र झेब्र्याने माझा हात धरला आणि आम्ही निघालो. रस्त्याच्या मध्यावर मला थांबावे लागले. झेब्राही थांबला. मिनिबसमधून दारात लटकत ठिकाणांची नावे ओरडणारा मुलगा क्षणभर गप्प झाला, आणि सबंध ला पाझची वाहतूक माझ्या फुफ्फुसांच्या सोयीने खोळंबली.

एवढ्यावर भागले असते, तर मी स्वतःला शाबूत मानले असते. पण मुरिलो चौकात संसदेच्या इमारतीवरचे मोठे घड्याळ उलटे चालत होते. आकडे उलट्या क्रमाने, काटे उजवीकडून डावीकडे. मी बाकावर बसून, डोळे मिटून, पुन्हा उघडून पाहिले. काटा डावीकडेच सरकला. वास्तविक हे घड्याळ २०१४ मध्ये मुद्दाम असे करण्यात आले: दक्षिण गोलार्धात सूर्यघटिकेची सावली डावीकडे फिरते, तर दक्षिणेच्या घड्याळांनी उत्तरेची नक्कल का करावी, असा त्यामागचा सवाल आहे. सवाल रास्त आहे. मात्र परक्या माणसाला तो समुद्रसपाटीवर विचारायला हवा.

सकाळच्या न्याहारीला इथे साल्तेन्या खातात आणि दुपार झाली की त्या मिळेनाशा होतात. ही भट्टीत भाजलेली, किंचित गोडसर आवरणाची, वेणीसारखी मुरड घातलेली करंजी आहे. आत मांस, बटाटा, वाटाणा आणि भरपूर गरम रस. ती उभी धरायची, वरच्या टोकाला लहानसे भोक पाडायचे आणि पुढचा घास घेण्याआधी रस ओढून घ्यायचा, म्हणजे तो सांडत नाही. ही कृती स्थानिक लोक उभ्याउभ्या गप्पा मारीत करतात. माझी अडचण अशी, की रस ओढायचा तर श्वास रोखावा लागतो, आणि रोखण्याइतका श्वास माझ्याकडे शिल्लकच नव्हता. मध्येच मी हवेसाठी तोंड उघडले आणि रस मनगटावरून बाहीत, बाहीतून कोपरापर्यंत गेला. शेजारच्या साताठ वर्षांच्या मुलीने आपली साल्तेन्या एक थेंबही न सांडता संपवली आणि माझ्याकडे कागदी रुमाल सरकवला.

घरी फोन लावण्यात आणखी एक पेच होता. भारत बोलिव्हियाच्या साडेनऊ तास पुढे, म्हणून बोलणे रात्री जेवणानंतर, म्हणजे जिना चढून आल्यावरच व्हायचे.

“अरे, रडतोयस का तू?” आईने पहिलाच प्रश्न केला.

“नाही गं. जिना.”

“किती मजले?”

“एक.”

पलीकडे जी शांतता पसरली, तिचे आंतरराष्ट्रीय दराने पैसे पडले. मग तिने चहाची चौकशी केली. चहाचीही कथा करुणच होती, कारण या उंचीवर पाणी साधारण ८८ अंशांवरच उकळू लागते. घरून नेलेली पूड मी कितीही उकळली, तरी कपात तपकिरी पाणीच आले. शेवटी वसतिगृहातल्या बाई सोरोचेवरचा उतारा म्हणून देतील तो कोकाच्या पानांचा काढा मुकाट्याने पिऊ लागलो. एकादशीला काय खाल्लेस, या प्रश्नावर मात्र मी खुललो. बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, ही सगळी मूळची याच खंडातली. आपल्या उपवासाचे निम्मे ताट इथून आलेले आहे, असे मी धापा टाकत का होईना, पण विस्ताराने सांगितले. “मग तुला तिथे खिचडी मिळाली असेल,” आई म्हणाली. मिळाले होते शेंगदाण्याचे सूप, आणि त्यात हाड होते. मी फोन खराब झाल्याचे सांगितले.

हळूहळू मी माझी पद्धत बसवली. ला पाझ एका खोल वाटीत वसले आहे आणि तिथे पैसा पाण्याच्या चालीने चालतो: श्रीमंत वस्त्या तळाला दक्षिणेकडे, जिथे हवा दाट आणि ऊबदार, तर गरिबांची घरे कडांवर. २०१४ पासून या वाटीवर केबल-कार फिरतात. एका मार्गाचे तिकीट तेव्हा तीन बोलिव्हियानो होते, आणि आत शिरणारा प्रत्येक जण अनोळखी सहप्रवाशांना नमस्कार करतो. मी दिवसभर केवळ उतारावरची स्थळे पाहू लागलो. संध्याकाळी मिनिबसने मध्यवर्ती स्थानक गाठायचे, तांबड्या मार्गाने वसतिगृहाच्याही वर जायचे आणि तिथून बाजारातून रमतगमत घरी उतरायचे. ते वरचे स्थानक शहराच्या मोठ्या दफनभूमीपाशी आहे. सुखरूप घरी पोचण्यासाठी रोज आधी तिथे उतरावे लागे, याचा विचार मी फारसा करीत नसे. माझी लाज मात्र फुटबॉलच्या एका जुन्या निकालाने राखली: १ एप्रिल २००९ रोजी याच शहरात मेस्सीसह उतरलेल्या आणि माराडोनाने तयार केलेल्या अर्जेंटिनाला बोलिव्हियाने ६-१ असे धुतले होते. त्यांना तर चेंडूमागे पळायचेही होते.

शेवटी मी खालच्या गावी जायचे ठरवले. कोरोइको हे युंगासच्या हिरव्या उतारांवरचे गाव जेमतेम १७०० मीटरवर आहे, तिथे केळी पिकतात आणि माणसे जिना चढताना बोलतात, असे ऐकले होते. मी तिकीट मागितले, पैसे मोजले आणि गाडी सरळ खालीच जाते ना, एवढे विचारले. खिडकीतल्या बाईंनी तिकिटावर शिक्का मारला. खालीच जाते, त्या म्हणाल्या. फक्त आधी ला कुंब्रेची खिंड ओलांडते, ती सुमारे ४६५० मीटरवर आहे. मी शेजारच्या टपरीवरून कोकाच्या पानांची पुडी घेतली, आणि विचार करून आणखी एक घेतली.