घराचं काम की गाडीचं?

चाकांवरच्या घराची हौस असणाऱ्यांना आधी चाकं दिसतात, मग घर दिसतं. त्या घरात एक संडासही आहे आणि आपल्यासोबत तोही खड्ड्याखड्ड्यांतून भरधाव निघालाय, हे गाडी दाखवणारा सांगत नाही.

आमच्या मोटरहोमचा संडास गळतोय हे आधी कानांना कळलं. रात्री सगळे नळ बंद, तरी पंप मधूनच घर्रर्र करायचा आणि गप्प व्हायचा. या गाड्यांत डोक्यावर टाकी नसते. १२ व्होल्टचा पंप पाइपांत दाब धरून ठेवतो. कुणी नळ न सोडता तो चालू झाला, म्हणजे दाब कुठेतरी निसटतोय. ‘कोणीतरी चोरून पाणी पितंय,’ बायको झोपेत म्हणाली. कोण आणि कुठे, ते सकाळी मोज्यांना कळलं.

आता माणूस शोधा. प्लंबर म्हणाला, ‘हे गाडीचं काम आहे, साहेब.’ मेकॅनिक म्हणाला, ‘संडास म्हणजे घराचं काम.’ एकाला चाकं चालेनात, दुसऱ्याला कमोड. उरलो मी.

पाण्याचा स्वभाव असा, की ते गळतं एकीकडे आणि उगवतं भलतीकडेच. म्हणून कमोडच्या मागे, कडेला, तळाशी कोरड्या टॉयलेट पेपरचे तुकडे ठेवायचे आणि कुठला आधी भिजतो ते बघत बसायचं. फक्त फ्लश करतानाच गळत असेल तर संशय व्हॅक्यूम ब्रेकरवर. भांड्यातलं पाणी उलटं पिण्याच्या पाइपात शिरू नये म्हणून तो बसवलेला असतो, त्यामुळे त्याच्याशी भांडून चालत नाही. कायम गळत असेल तर मागचा पाण्याचा व्हॉल्व्ह. फरशीपाशी ओल असेल तर फ्लँजवरचं, म्हणजे कमोड फरशीला जिथे जोडतात त्या कड्यावरचं सील गेलं, आणि मग ती ओल कसली असेल याचा फार विचार करू नये.

आणखी एक प्रकार आहे, त्यात फरशी खडखडीत कोरडी राहते. भांड्याच्या तळाला एक झडप असते, ती पायाखालच्या पेडलने उघडते. घरच्या कमोडला खाली वाकडा पाइप असतो आणि त्यात पाणी अडून राहतं. इथे तसलं काही नाही, थेट खाली मैल्याची टाकी. मध्ये आहे ते झडपेवर साचलेलं चार बोटं पाणी. झडपेचं रबर झिजलं की ते पाणी मुकाट्याने खाली उतरतं आणि त्या बदल्यात खालून वर जे येतं, त्यासाठी पंपाचा आवाज ऐकावा लागत नाही.

त्या खोलीत बसायला जागा आहे, वाकायला नाही. एक कान भिंतीला, दुसरा कमोडला, दातांत टॉर्च, अशा आसनात मी कागदांवर पहारा दिला. शेवटी मागचा कागद भिजला. ‘स्वच्छ पाणी आहे!’ मी आनंदाने ओरडलो. इतक्या थोडक्यात सुखी झालेला नवरा बायकोने बहुधा प्रथमच पाहिला.

दोष व्हॉल्व्हचाच होता. थंडीत आत राहिलेलं पाणी गोठून फुगतं आणि बिचारं प्लास्टिक तडकतं. पण आमच्या कमोडची रचना अशी, की व्हॉल्व्हपर्यंत पोचायचं तर अख्खा कमोडच उचलायचा. त्याआधी मैल्याची टाकी रिकामी करायची (हे आधी, नंतर नाही), पंप बंद करायचा, नळ सोडून दाब काढायचा. कमोड जमिनीला दोन नटांनी धरलेला. पुढचा नट सज्जन निघाला. मागचा कारखान्यात एखाद्या उंदराने बसवला असावा, कारण माणसाचा हात आणि पाना मिळून तिथे जात नाहीत. पाव वळसा, पाना काढा, परत लावा, पाव वळसा. दुपार त्यातच गेली.

कमोड उचलल्यावर खाली एक भोक दिसतं. त्यात बघायचं नसतं. मी बघितलं. मग त्यावर जुना टॉवेल कोंबला, वाससुद्धा अडला आणि नट आत पडायची भीतीही गेली.

नवा व्हॉल्व्ह बसवायला फार वेळ लागला नाही. कमोड उचललाच आहे तर फरशीचं सीलही नवं घातलं. तिथे घरच्यासारखं मेणाचं कडं नाही, रबरचं लागतं. धक्क्यांनी मेण जागा सोडतं. टॉवेल आठवणीने काढला आणि नट आवळायला घेतले.

‘घट्ट झालं का?’ बायको दारातून म्हणाली.

‘झालं.’

‘अजून थोडं आवळ की.’

‘नको.’ प्लास्टिकचा कमोड अजून थोड्यातच तडकतो.

रात्री पंप गप्प होता. सकाळी मी पाना पुसत बाहेर आलो, तर शेजारच्या गाडीतले गृहस्थ माझीच वाट बघत उभे. ‘आमच्याकडेही जरा ओल येते हो,’ ते म्हणाले.

‘कायम, की फ्लश करतानाच?’ मी सहज विचारलं.

त्यांनी लगेच माझ्या हातात टॉर्च दिला.