पट आपोआप घसरत नाही

दर जूनमध्ये हा मजकूर फोनवर परत येतो. यंदा तो आमच्या गावच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आला. म्हणजे झेडपीच्या शाळेत पाढे पाठ केलेल्या माणसांनीच तो एकमेकांना पाठवला, खाली टाळ्यांची रांग. मजकूर लांबलचक आहे, गाभा एवढाच: "पालकांनीच झेडपीच्या शाळा नाकारल्यात. दहा पोरांमागे दोन मास्तर, प्रत्येकाला लाखाचा पगार, शिकवणं शून्य. वीसच्या आत पट असलेल्या सगळ्या शाळा बंद करा. पोरांना बसनं मोठ्या शाळेत न्या, नाहीतर सरकारनं फी भरून इंग्लिश मीडियमला घाला."

यातलं एकही वाक्य अगदीच बिनबुडाचं नाही, म्हणून तर ते इतकं फिरतं. तरी एकेक घेऊ.

"पालकांनीच नाकारल्या." माझी वहिनी डोंगरी भागातल्या एका द्विशिक्षकी शाळेवर आहे. एप्रिलमध्ये ती दाखलपात्र मुलांची यादी घेऊन घरोघर फिरते. यंदा यादीत नऊ नावं होती. पहिल्याच घरी चहा मिळाला आणि उत्तरही: "मॅडम, आमची पिंकी तर आता यूकेजी झाली की." नऊपैकी पाच पोरं तीन-साडेतीन वर्षांची असतानाच पिवळ्या व्हॅनमध्ये बसलेली. त्यांच्या आईबापांनी झेडपीची शाळा नाकारली असं म्हणायला ती त्यांच्यापुढे कधी आलीच नव्हती. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि तो धरतो 6 ते 14 हे वय. सहाच्या आतल्या मुलांसाठी कलम 11 आहे, पण तिथे भाषा 'सरकार सोय करू शकेल' अशी, 'करील' अशी नाही. गावात अंगणवाडी असते, पण ती महिला व बालविकास खात्याची. तिथलं मूल आपोआप शाळेच्या पटावर चढत नाही. एक दार तिसऱ्या वर्षी उघडतं, दुसरं सहाव्या. गिऱ्हाईक कुठे जाणार, हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ लागत नाही.

आणि त्या व्हॅनवाल्या शाळा आल्या कुठून? महाराष्ट्रानं 2012 साली स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा केला, स्वतःच्या पैशानं शाळा काढू इच्छिणाऱ्यांना वाट मोकळी करून दिली. त्याच वर्षी शिक्षकभरतीवर बंदी आली. नव्या भरतीसाठी 'पवित्र' पोर्टल निघालं 2017 मध्ये आणि त्यावरून नेमणुका व्हायला 2019 उजाडलं. मधल्या काळात शिक्षक निवृत्त होत राहिले, जागा रिकाम्या राहिल्या, एकेका गुरुजींनी चार-चार वर्ग एका खोलीत सांभाळले. पालकानं ते पाहिलं आणि पोर काढून घेतलं. मग आपण म्हणायचं, बघा, पालकांनाच नको आहे.

पालकांचं मन कायमचं उडालंय असंही नाही. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत ग्रामीण भारतात सरकारी शाळांत जाणाऱ्या 6 ते 14 वयाच्या मुलांचं प्रमाण 2018 मध्ये 65.6 टक्के होतं, ते कोरोनानंतर 2022 मध्ये 72.9 झालं. फी परवडेना तेव्हा पोरं परत आली. 2024 मध्ये आकडा पुन्हा 66.8 वर. आली होती तेव्हा त्यांना टिकवायला आपण काय केलं, हा प्रश्न मात्र कुठल्या फॉरवर्डमध्ये नसतो.

शिवाय पट म्हणजे नेमकं काय, तेही बघा. शिक्षकांची पदं ठरवणारी संचमान्यता आधार वैध असलेल्या मुलांच्या संख्येवर होते. वहिनीच्या वर्गात ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबाचा एक मुलगा आहे. आधारवर जन्मतारीख एक, दाखल्यावर दुसरी. तो रोज येतो, पुढच्या रांगेत बसतो, खिचडी दोनदा मागून घेतो. पदं मोजताना मात्र तो नसतो.

"दहा पोरांमागे दोन मास्तर." राज्याच्या शिक्षण विभागानं 2022 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली, तेव्हा जे आकडे पुढे आले ते असे: सुमारे 14,700 शाळा, 1 लाख 85 हजारांच्या आसपास मुलं, साधारण 29,700 शिक्षक. भागाकार केला तर सहा मुलांमागे एक शिक्षक. वाचून कुणाचेही डोळे विस्फारतील. पण भागायला चुकीचा आकडा घेतलाय. शाळेला दोन शिक्षक मुलं बारा आहेत म्हणून मिळत नाहीत. वर्ग चार किंवा पाच आहेत म्हणून मिळतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरवलेत, आणि ते किमान आहेत. बारा मुलं असली तरी पहिलीतल्याला 'क'ला काना शिकवायचा असतो आणि चौथीतल्याला भागाकार, एकाच वेळी. त्यात एक शिक्षक तालुक्याला बैठकीला गेला की उरतो एक.

आणि तो जातोच. कायद्याचं कलम 27 सांगतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं अशैक्षणिक काम देऊ नये. निवडणूक या शब्दात बीएलओचं, म्हणजे घरोघर फिरून मतदारयादी सांभाळण्याचं, वर्षभराचं काम मावतं. जानेवारी 2024 मध्ये मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक घरोघर फिरले, ते कशात मावतं ते ज्यानं त्यानं ठरवावं. बाकी पोषण आहाराची रोजची नोंद, तांदळाचा हिशोब, यू-डायसवर शाळेची माहिती भरणं, कुठल्याशा दिनाचे फोटो अपलोड. एकदा मी शाळेत गेलो तर वहिनी व्हरांड्यात फोन उंच धरून उभी. वर्गात रेंज नाही, आणि अकराच्या आत आहाराची संख्या भरायची होती. आत पोरं आपापल्या बेरजा करत होती, बरीच गोंगाटात.

आता राजकारण. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयानं संचमान्यतेचे निकष बदलले. सहावी ते आठवीच्या गटात वीसच्या आत पट असेल तर शिक्षकपद शून्य. मग वर्ग आहेत आणि शिक्षक नाही, असं झालं की शाळा बंद करायची ऑर्डर काढावीच लागत नाही. त्याच वर्षी 5 सप्टेंबरला, हो, शिक्षकदिनीच, कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक 15 हजार मानधनावर कंत्राटी नेमायचा निर्णय निघाला. शिक्षक सामूहिक रजेवर गेले, मोर्चे निघाले, पुढे तो निर्णय मागे घ्यावा लागला.

लाखाच्या पगाराचं एका ओळीत: प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन 29,200 पासून सुरू होतं, आणि तेही तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढल्यावर. त्या शिक्षणसेवकाला 2023 पर्यंत महिना 6,000 मिळायचे, आता 16,000. लाखाच्या घरात जाणारे आहेत, पण ते निवृत्तीकडे झुकलेले.

"शिकवणं शून्य." शून्य नाही, पण अभिमान धरावा असंही नाही. 'असर' 2024 नुसार देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीतली 23.4 टक्के मुलं दुसरीचा धडा वाचू शकतात. दोन वर्षांपूर्वी 16.3 होती. सुधारणा आहे, पण अजून चारातली तीन अडखळतात. याचं खापर छोट्या शाळांवर फोडणाऱ्यांनी खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरची शाळा बघावी. 2025 मध्ये जागतिक पातळीवर लोकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळवणारी ही झेडपीची शाळा. दत्तात्रय वारे गुरुजी 2022 मध्ये तिथे गेले तेव्हा मुलं होती तीन. दहाचा निकष लावा की वीसचा, ती तेव्हाच यादीतून उडाली असती.

"फी भरून इंग्लिश मीडियमला घाला." कायद्याच्या कलम 12 मध्ये खाजगी विनाअनुदानित शाळांत 25 टक्के जागा राखीव आहेतच. राज्य त्यासाठी एका मुलामागे वर्षाला 17,670 रुपये देतं, किंवा खरं सांगायचं तर देणं लागतं. ही रक्कम थकते आणि शाळा दरवर्षी प्रवेश न देण्याचा इशारा देतात. पण खरी गंमत 9 फेब्रुवारी 2024 ची. त्या दिवशी राज्यानं नियमच बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर जवळच्या खाजगी शाळेला ही 25 टक्क्यांची सक्ती नाही. मुंबई उच्च न्यायालयानं जुलै 2024 मध्ये हा बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हात घातला नाही. हे पाच महिने नीट आठवा. एका टेबलावर सरकार म्हणत होतं, गरिबाच्या पोराला खाजगी शाळा कशाला, जवळ झेडपीची आहे ना? दुसऱ्या टेबलावर त्याच झेडपीच्या शाळेतली पदं शून्यावर आणायचे निकष छापले जात होते.

आणि ज्या वाड्या-तांड्यांवर पट सात-आठ आहे तिथे हे 25 टक्के भरायचे कुठे? इंग्रजी शाळा तिथे जात नाहीत. व्हॅन जाते, तीही डांबर संपेपर्यंत.

परवडत नाही, हे रडगाणं जुनं आहे. 1911 साली गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, तेव्हाही खर्चाचंच कारण पुढे आलं आणि 1912 मध्ये ते 13 विरुद्ध 38 मतांनी पडलं. पाचच वर्षांनी, 1917 मध्ये, कोल्हापुरात शाहू महाराजांनी हाच कायदा करून दाखवला, आणि पोर शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंडही ठेवला.

राहिलं "बसनं न्या." 2023 मध्ये पानशेत आणि तोरणमाळचे नमुने दाखवून समूह शाळांचे, म्हणजे आसपासच्या लहान शाळा मिळून एक मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले गेले. कल्पना टाकाऊ नाही. एकाच गावात चारशे पावलांवर दोन झेडपी शाळा असतील, एकीत चार मुलं आणि दुसरीत तीस, तर त्या खुशाल एक करा. शिक्षक संघटनांनी अशा वेळीही 'एकही शाळा बंद होऊ देणार नाही' म्हणत बसू नये. मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावी, न राहता घरभाडं उचलणाऱ्यांबद्दल त्यांनी चार शब्द बोलले तर आणखी बरं. पण पाचवीपर्यंतच्या मुलाला शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, हा राज्याचा स्वतःचा नियम आहे, आणि बस या शब्दात ड्रायव्हर, डिझेल, दुरुस्ती आणि सहा वर्षांच्या पोराला उतरवून घेणारं माणूस एवढं सगळं येतं. ते दहा वर्षं चालेल अशी तरतूद फॉरवर्डमध्ये कुठे दिसली नाही.

वहिनीच्या शाळेपासून केंद्रशाळा, म्हणजे आसपासच्या शाळांची मुख्य शाळा, नकाशावर दोन किलोमीटर दिसते. मधला ओढा म्हणजे नकाशावर एक निळी रेघ. पलीकडच्या वाडीची चार मुलं आत्ताही तो ओलांडूनच तिच्याकडे येतात. जुलैत पाणी चढलं की त्या चौघांच्या नावांपुढे हजेरीत दोन-दोन, तीन-तीन दिवस 'गै' पडतं, आणि ती महिनाअखेरीला सरासरी काढते.