पोळी मधे जाड का राहते?

सुतारकाम शिकायला घेतलं की सगळे सांगतात, आधी मोबाइल स्टँड कर, पेनदाणी कर. माझं म्हणणं, पहिला पोळपाट करा. मोबाइल स्टँड वाकडा झाला तर मोबाइल काही बोलत नाही. पोळपाट वाकडा झाला की दुसऱ्या दिवशी ताटात दिसतं.

मला दिसलं ते असं. मार्चमध्ये वखारीतून आंब्याची दहा इंच रुंद फळी आणली, स्वस्त मिळाली म्हणून. खिळा आणि सुतळीचा कंपास करून नऊ इंचांचं वर्तुळ आखलं, जिगसॉनं कापलं, चार पाय चिकटवले. फोटो इथंच टाकला होता, तुम्ही लाइकही दिले होते. (परत घ्या.) पंधरा दिवसांत आई म्हणाली, "पोळी मधे जाड राहायलीय बघ, अन् कडंला फाटायलीय." मी म्हटलं, लाटणं बदल. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी गुपचूप गुण्या (सुताराचा काटकोन) आणला आणि त्याची पट्टी पाटावर उभी धरली. पट्टीखाली मधोमध उजेड! पाट बशीसारखा खोलगट झाला होता. आईला हे गुण्याशिवाय कळलं होतं.

मग मी अजून शहाणपणा केला. खालून दोन आडव्या पट्ट्या लावल्या, स्क्रू आवळून पाट ओढून सरळ केला. मे महिन्यातल्या आपल्या सोलापूरच्या दुपारी, पंख्याखाली सगळे आडवे झालेले असताना, स्वयंपाकघरातून 'टक्' असा आवाज आला. कडेपासून स्क्रूपर्यंत सरळ चीर.

झाड कापलं तरी लाकूड हलायचं थांबत नाही. ओल गेली की ते आकसतं, पण सगळीकडं सारखं नाही. लांबीत जवळजवळ नाहीच. रुंदीत आकसतं, आणि वाढीच्या कड्यांच्या अंगानं जेवढं आकसतं ते गाभ्याकडून सालीकडं आकसतं त्याच्या साधारण दुप्पट. म्हणून ओली फळी वाळताना बशी होते. आणि आकसायला निघालेल्या लाकडाला स्क्रूनं दोन्हीकडं जखडलं की ते फाटतं. माझं लाकूड ओलं होतं, बस्स. राउटर (लाकडात खाचा पाडायचं यंत्र) घेऊ का, मोठं मशीन घेऊ का, असं विचारणाऱ्यांना मी आता म्हणतो, आधी स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. फळी दर रविवारी तोला. वजन उतरायचं थांबेपर्यंत करवत लावू नका.

गल्लीतल्या सुतारकाकांना तो फाटका पाट दाखवला. चिरेकडं त्यांनी बघितलंही नाही. "चार पाय कशाला लावलास? घरात शहाबादी हाय की." एवढंच. शहाबादी फरशी कधी एका पातळीत नसते, त्यावर चार पायांचं काहीही डुगडुगणार. तीन पाय कुठंही ठेवा, तिन्ही टेकतात. जुने पोळपाट तीन पायांचे का, हा प्रश्न मला चाळीस वर्षांत पडला नव्हता. फक्त पाय अगदी कडेजवळ घ्या. आत घेतलेत तर दोन पायांच्या मधे जोर पडला की पाट उलटतो. हेही करूनच कळलं.

दुसरा पोळपाट जुन्या दाराच्या सागवानाचा. कित्येक उन्हाळे खाल्लेलं लाकूड, त्याचं आकसायचं ते आकसून झालेलं. पण रंगवलेलं दार घेऊ नका, जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं. आणि लपलेला खिळा चाचपून बघा, माझ्या रंध्याच्या पात्याला अजून खाच आहे. घासताना 80, 120, 220 नंबरचा पेपर, मग ओलं फडकं फिरवायचं, वाळू द्यायचं, उठलेली कुसं परत 220 नं घासायची. ही पायरी गाळली तर पहिल्या धुण्यातच पाट खरखरीत होतो.

आता तेलावरून घरात भांडण आहे ते सांगतो. आजी शेंगतेल चोळायची. मी चोळलं. ते सुकत नाही, लाकडात राहून खवट होतं, आणि पोळीला वास येतो. व्हार्निश मला पोळपाटावर मान्य नाही, लाटण्याखाली त्याचे टवके निघतात. हार्डवेअरच्या दुकानातलं 'बॉइल्ड' जवस तेलही नको, त्यात लवकर सुकावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन बरं, ते खवट होत नाही. मी मात्र शेवटी करडईच्या तेलावर आलो. आपल्याच रानातलं, हवेत हळूहळू सुकणारं. अगदी पातळ हात, जास्तीचं पुसून टाकायचं, आठवडाभर उघडं ठेवायचं, असं तीनदा. जाड लावलं तर चिकट बसतं, सावध.

पोळी आता एकसारखी होते. आईचा शेरा: "बरा हाय. पण आपण रोज भाकरी खातो, पोळी सणाला. काठवट कधी करणार?"

काठवट म्हणजे भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात, एकाच ओंडक्यातून पटाशीनं कोरायची. बाभळीचा तुकडा मिळालाय, दोन्ही टोकांना मेण फासून माळ्यावर ठेवलाय. गेल्या रविवारी 6 किलो 200 भरला, त्याच्या आधीच्या रविवारी 6 किलो 350.