पणजोबांचा पत्ता: चिंचेखाली, तुटकी परी

आमच्या पणजोबांना जाऊन ऐंशी वर्षं होऊन गेली आणि एवढ्या वर्षांत त्यांची कबर नक्की कुठे आहे हा प्रश्न घरात कुणालाच पडला नव्हता, तो यंदा पडला पप्पांच्या आत्याला, कारण नगरला तिच्या शेजारणीने आपल्या सासऱ्यांच्या कबरीला ग्रॅनाइट बसवलं. लगेच मला फोन. "तू मुंबईतच असतोस ना, मग शिवडीला जाऊन माझ्या बाबांची कबर बघून ये." मी बदलापूरला राहतो, पण नगरवाल्यांच्या हिशेबात माळशेज उतरला की सगळी मुंबईच.

पत्ता मात्र एकदम पक्का दिला. "गेटातून आत गेलं की चिंच, चिंचेखाली परी, परीचा उजवा हात तुटलाय, तिच्या पायाशी बाबा." आत्या तिथे शेवटची गेली 1944 साली, तेव्हा तिचं वय वर्षं सहा.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, तिथे फुलं-मेणबत्त्यांची गर्दी असते म्हणून मी आधीच्या आठवड्यात गेलो. पिशवीत आईने दिलेला खराटा, पाण्याच्या दोन बाटल्या, मेणबत्त्या, झेंडू आणि जुना टूथब्रश (अक्षरांमधली माती काढायला, आई असला विचार आधीच करून ठेवते). आता शिवडीची सिमेट्री म्हणजे काय आपल्या चर्चमागचा तुकडा नव्हे. 1865 साली क्रॉफर्डने, तोच तो मार्केटवाला, ही जागा दफनभूमीसाठी घेतली तेव्हा इथे बोटॅनिकल गार्डन होतं म्हणे, म्हणजे झाडांना काय तोटा! आणि परी? पंख गेलेली परी, नाक गेलेली परी, एक तर नुसते पाय उरलेली. हात शाबूत असलेली परी शोधायला सांगितलं असतं तर काम लवकर झालं असतं.

शेवटी ऑफिसात गेलो. तिथले काका बिचारे फार चांगले, त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "परमनंट होती का टेंपररी?" मला आधी कळेचना, मेलेला माणूस याहून अजून किती परमनंट होणार. मग त्यांनी समजावलं, जागा कायमची घेतलेली नसेल तर काही वर्षांनी तिथे दुसऱ्याला ठेवतात. हे आत्याला सांगायचं नाही, एवढं मी मनाशी ठरवून टाकलं.

"नाव?" मी फॅमिली ग्रुपवर विचारलं. काका म्हणाला सॅम्युएल, धाकटी आत्या म्हणाली छे, शमुवेल, मग दोघांचं जोरदार भांडण झालं आणि वीस मिनिटांनी कुणालातरी आठवलं की बायबलात दोन्ही एकच आहेत. पण रजिस्टर इंग्रजी, त्यामुळे दोन्ही स्पेलिंगं बघणं आलं. त्यात आडनाव साळवे, ते साहेबाने कसं लिहिलं असेल देवालाच ठाऊक, इंग्रजीत सरळ लिहिलं तर त्याचा अर्थ मलम होतो.

"तारीख?" आत्याला फोन. "गोदीचा स्फोट झाला ना, त्याच वेळी." म्हणजे 14 एप्रिल 1944. स्फोटाच्या आधी का नंतर? "नंतर. काचा फुटल्या तेव्हा बाबाच माझ्यावर ओरडले होते." दोन मिनिटांनी तिचाच फोन, "अरे नाही, ओरडले ते काका, बाबा तेव्हा नव्हते बहुतेक."

ऑफिसातल्या काकांनी एप्रिलची पानं उलटली, मग मार्च, मग मे. आमचा शमुवेल नाही, सॅम्युएल नाही, मलमसुद्धा नाही. माझा चेहरा बघून ते म्हणाले, "आलाच आहात तर स्टीव्हन्ससाहेबांची बघून जा, व्हीटी बांधणारे. आणि काका बाप्टिस्टा पण इथेच आहेत." घ्या! वीस वर्षं ज्याच्या स्टेशनात धक्के खाल्ले त्याचा ठावठिकाणा लागतोय, टिळकांच्या दोस्ताचा लागतोय, आणि ज्याचं टक्कल माझ्या डोक्यावर आलंय त्याचाच पत्ता नाही.

परत झाडांत शिरलो. तासाभराने एक चिंच दिसली, निदान मला तरी ती चिंच वाटली, तिच्याखाली परी, आणि परीचा उजवा हात कोपरापासून गायब! पायाशी एक दगड, वर शेवाळाचा हा एवढा थर. मी बसलोच खाली. आधी खराटा, मग पाणी, मग टूथब्रश. घाम नाकावरून टपटप दगडावर पडतोय, डास पायाला लागलेत, नखांत हिरवं गेलंय. पहिलं अक्षर निघालं ते एस असावं असं वाटून मी तिथल्या तिथे व्हिडिओ कॉल लावला.

स्क्रीनवर आत्याचा कान आणि त्यातली कुडी.

"आत्या, फोन कानाला नको, समोर धर."

"हां, हां. अगं बाई! हीच ती परी!"

तोवर माझा ब्रश पुढे सरकला होता. एस नव्हतंच ते, बी होता. कुणा साहेबाची लाडकी पत्नी, 1891.

"आत्या, ही कुणी मडम आहे गं. आणि साल 1891 आहे."

"हात तुटलाय ना?"

"तुटलाय."

"मग झालं तर. लिहिणाऱ्याने चुकीचं लिहिलं असेल. मेणबत्ती लाव."

लावली. वारा होता, तीनदा विझली, चौथ्यांदा परीच्या आडोशाला टिकली. आत्याने नगरहून 'आमच्या स्वर्गातील पित्या' सुरू केलं, मीही हात जोडले, मडमेची काही तक्रार दिसली नाही.

आमेन म्हटल्यावर आत्या म्हणाली, "स्वच्छ केलंस, बरं वाटलं. आता त्या ग्रॅनाइटवाल्याचा भाव विचारून ठेव."