ऑस्टिनच्या पोटात शेवरोले

आमच्या घरच्या ग्रुपवर महिनाभर वाद पेटलाय. साताऱ्याला आजोबांची १९६४ ची फियाट शेडमध्ये उभी आहे. दादा म्हणतो, भंगारात द्या. पुतण्या म्हणतो, नवं इंजिन बसवू, डिस्क ब्रेक लावू आणि चालवू. दादाने लगेच जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल टाकला: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाहीत.

मी पुतण्याच्या बाजूचा आहे, आणि त्याला कारण आमच्या शेजारच्या आजोबांची ऑस्टिन, एक जुनी ब्रिटिश गाडी.

मी लॉस एंजेलिसच्या पूर्वेला, पोमोनाजवळ राहतो. इथल्या ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे शर्यतीच्या सरळ पट्टीवर, पाव मैल गाड्या पळवतात. शेजारच्या आजोबांची ऑस्टिन, मॉडेल ए-४० डेव्हन, त्यासाठीच बांधलेली. महायुद्धानंतर ब्रिटन कर्जात रुतला होता. पोलाद हवं तर आधी निर्यात करा, असा सरकारी खाक्या. म्हणून १९४७ साली निघालेली ही गाडी बोटीत बसून अमेरिकेत आली. बाराशे सीसी, चाळीस अश्वशक्ती. इथल्या लांबलचक हायवेवर ते इंजिन धापा टाकायचं. पुढे अशा गाड्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागल्या, आणि शर्यतवेड्या पोरांच्या लक्षात आलं की बॉडी हलकी, छोटी आहे; आत आठ सिलिंडरचं दणकट अमेरिकन व्ही-८ इंजिन घातलं तर? फोर्ड अँग्लिया या दुसऱ्या छोट्या ब्रिटिश गाडीचंही तेच झालं. साठच्या दशकात यांना ‘गॅसर’ म्हणत, कारण त्या पंपावरच्या पेट्रोलवर, इथल्या भाषेत ‘गॅस’वर, पळत. गाडीच्या वजनाला इंजिनाच्या आकाराने भागून वर्ग ठरे, म्हणून छोट्या गाडीला एवढा भाव.

आजोबांनी बॉनेट उघडलं तेव्हा मी बघतच राहिलो. शेवरोलेचं ५.७ लिटरचं इंजिन मावावं म्हणून इंजिन आणि बसायच्या जागेच्या मधला पत्रा कापून मागे सरकवलेला. स्टिअरिंगचा दांडा एक्झॉस्टच्या पाइपांमधून वाट काढत गेलेला. वेल्डिंगचा प्रत्येक टाका त्यांच्या हातचा. बॉनेटवरचं ऑस्टिनचं पंखवालं ‘ए’ चिन्ह मात्र जसंच्या तसं. त्यावरून ते बोलता बोलता अंगठा फिरवत होते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी, आमच्या फियाटचीच वारसदार, सेवेतून गेली, तेव्हा एक तरी संग्रहालयात ठेवा, अशी मागणी झाली. मलाही वाटलं, ठेवावी. पण भंगार नाहीतर काचेची पेटी, एवढेच दोन रस्ते का? आपल्याकडच्या गॅरेजवाल्यांचा हात या आजोबांपेक्षा तसूभरही कमी नाही.

दादाची भीती खोटी नाही. जुन्या ड्रम ब्रेकवर दुप्पट ताकदीचं इंजिन म्हणजे रस्त्यावरच्या माणसाच्या जिवाशी खेळ. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना धुराच्या नियमित तपासणीतून सूट आहे, तीही मला पटत नाही. आमच्या गल्लीत त्या ऑस्टिनचा वास अर्धा तास रेंगाळतो. पण स्ट्रिपवर उतरण्याआधी इथे गाडीची तपासणी होते आणि खोट निघाली तर ती परत पाठवतात. रस्त्यासाठीही अशी तपासणी कडक ठेवा, शुल्क घ्या, ब्रेक आणि धूर मोजा, नापास गाडी थांबवा. सरसकट ‘नाही’ म्हटलं की पोरं हेच काम चोरून करतात आणि मग ब्रेक तपासायला कुणीच नसतं.

दिवाळीत मी साताऱ्याला येतोय. तोवर भंगारवाल्याला बोलावू नका, एवढं दादाकडून कबूल करून घेतलंय. पुतण्याने काल बॉनेटखालच्या जागेची मापं पाठवली. ती घेऊन मी संध्याकाळी शेजारच्या आजोबांकडे जाणार आहे.